क्रँक पुलीचा अडेल नट: एका मॉरिस मायनरचं प्रकरण

मामांची मॉरिस मायनर, म्हणजे जुनी ब्रिटिश मोटारगाडी, १९६४ सालची आहे. १०९८ सीसीचं ए-सिरीज इंजिन, म्हणजे मायनरला १९६२ पासून मिळालेलं, त्या मालिकेतलं तिच्या वाट्याला आलेलं शेवटचं आणि सगळ्यांत मोठं. तक्रारी दोन. थंड इंजिन सुरू केलं की पुढून साखळी आपटल्यासारखा खळखळाट, आणि रात्रभर उभी राहिली की टायमिंग कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या झाकणाच्या, बरोबर खाली तळहाताएवढा तेलाचा डाग. दोन्हींचं औषध एकाच झाकणामागे. कव्हर उघडायचं, चेन बदलायची, ऑइल सील बदलायचं. पण कव्हर उघडायचं तर आधी क्रँकची, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याची, पुली (फॅन बेल्टचं चाक) काढावी लागते आणि ती पुली एका नटाने धरलेली असते. त्या एका नटाने आमचे तीन दिवस खाल्ले.

नट म्हणतो ते सवयीने. खरं तर तो बोल्ट आहे. क्रँकच्या नाकात आत जाणारा, षटकोनी डोक्याचा आणि डोक्याच्या पुढे हॅन्डल मारून गाडी सुरू करण्यासाठी दोन जबडे असलेला. पण गॅरेजात सगळे त्याला नटच म्हणतात, म्हणून मीही पुढे नटच म्हणतो. डोक्याचं माप १ ५/१६ इंच, म्हणजे ३३.३४ मिलिमीटर. आवळायचा जोर ७० पौंड-फूट, म्हणजे साधारण ९५ न्यूटन-मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो मोठा नाहीच. चाकाच्या नटांपेक्षा जास्त आहे, पण मीटरभर लांबीच्या पान्याला दहा किलोचा भार टांगला की तेवढा जोर होतो. कागदावर बघता हा नट कुणीही सोडवावा असा.

रेडिएटर काढला, फॅन बेल्ट काढला, पुढून स्वच्छ उजेड पडला आणि मामा खाली बसून नुसते बघत राहिले. त्यांचं आयुष्य लेथवर गेलं आहे. पाना लावायच्या आधी ते दहा मिनिटं बघतात आणि माझा जीव खालीवर होतो. या वेळी ते बघणं फळाला आलं.

"हे बघ," म्हणाले, "इथे छिन्नी मारलीय कुणीतरी."

नटाच्या दोन कडांवर चंद्रकोरीसारखे घाव होते, आत गंज धरलेला. जुने घाव, आमच्या कितीतरी आधीचे. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच की आधीच्या कुणालाही तो सुटला नाही, बिचाऱ्याने शेवटी छिन्नी घेतली. मामांनी बोट फिरवून दाखवलं. घाव कडेच्या ज्या बाजूला होते त्या बाजूने मारलं तर नट घड्याळाच्या दिशेने जातो. म्हणजे छिन्नी सोडवायला नव्हे, आवळायला मारली होती. नटाखालच्या लॉक वॉशरची, म्हणजे नटाला फिरू न देणाऱ्या चकतीची, जीभही एकदा सरळ करून पुन्हा दुसऱ्या जागी दुमडलेली दिसत होती.

हे सगळं आम्ही पाहिलं, मान डोलावली आणि मग विसरून गेलो. पुढे पाइप हातात आला की माणूस पुरावा विसरतो.

पहिला दिवस: गिअर आणि हॅन्डब्रेक

मामांनी कामाआधी एक गोष्ट केली, तिच्याशिवाय हे प्रकरण लिहिताच आलं नसतं. व्हाइटनरची एक रेघ ओढली: नटाच्या डोक्यावरून, वॉशरवरून, पुलीवरून थेट टायमिंग कव्हरवर. एकच सलग रेघ. नट सुटला तर रेघ नट आणि पुलीच्या मध्ये तुटेल. क्रँकच फिरला तर ती पुली आणि कव्हरच्या मध्ये तुटेल.

लॉक वॉशरची जीभ छिन्नीने सपाट केली. हॅन्डब्रेक ओढला, मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, सॉकेटच्या दांडीवर सव्वा मीटरचा पाइप चढवला आणि ओढला. गाडी मागे सरकली. हॅन्डब्रेक पूर्ण ओढलेला, तरी टायर किंचित घासून गाडी मागे आली.

पहिला गिअर का टाकला? कारण चढावर गाडी लावताना आपण तोच टाकतो, 'घट्ट धरतो' म्हणून. इथे नेमकं उलटं असतं. चढावर चाकं इंजिनाला फिरवू बघतात आणि पहिल्या गिअरमध्ये त्यांना ते जड जातं. आपण मात्र पुढून क्रँक फिरवतो, म्हणजे इंजिन चाकांना फिरवतंय. पहिला गिअर त्याला मदतच करतो. डिफरन्शिअलचं, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरचं, प्रमाण या गाडीत ४.२२, पहिल्या गिअरचं साडेतीनहून थोडं जास्त; दोन्ही गुणले की क्रँकवरचा जोर चाकापर्यंत सुमारे पंधरा पट होऊन पोचतो. कुठला हॅन्डब्रेक तो धरणार? चौथ्या गिअरमध्ये फक्त ४.२२ पट. म्हणून या कामाला नेहमी सगळ्यांत वरचा गिअर.

चौथा टाकला. पुन्हा ओढला. या वेळी गाडी जागची हलली नाही. पाइप मात्र हळूहळू, लोण्यात सुरी जावी तसा खाली आला.

"सुटला!" मी ओरडलो.

मामा वाकून रेघ बघत होते. नट आणि पुलीवरची रेघ अखंड होती. तुटली होती ती पुली आणि कव्हरच्या मध्ये, चांगली दोन बोटं. नट क्रँकला घेऊन फिरला होता. चाकं हलली नाहीत, गिअर सुटला नाही, मग क्रँक फिरला कसा? उत्तर एकच उरतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा क्लच घसरला.

मला त्या क्षणी हे नवल वाटलं. इंजिन बंद असताना, पाय पेडलवर नसताना क्लच घसरतो? मग घरी बसून आकडे मांडले आणि लाज वाटली. या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ६० पौंड-फूट, २५०० आरपीएमला. म्हणजे ८१ न्यूटन-मीटर. क्लच त्या जोरासाठी बनवलेला. थोडी जास्तीची ताकद ठेवलेली असते, पण चार-पाच पट कुणी ठेवत नाही. आणि मी सव्वा मीटरच्या पाइपला नुसता तीस किलोचा झटका दिला तरी साडेतीनशेच्या पुढे जातो. नटाला आवळायचाच जोर इंजिनाच्या टॉर्कपेक्षा जास्त आहे! जाम झालेला नट या वाटेने धरून ठेवता येईल ही कल्पनाच चुकीची. नुकताच आवळलेला, तेलकट, शहाणा नट चौथ्या गिअरमध्ये सुटतो. म्हणूनच ही पद्धत सगळ्यांच्या तोंडी आहे. अडेल नट तिच्यात सुटत नाही, आणि माणूस पाइप लांब करत बसतो.

रेघ नसती तर मी संध्याकाळपर्यंत क्लच घासत बसलो असतो.

रात्री आट्यांच्या दिशेने गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. तेल पोचतं कुठे, हा प्रश्न वेगळा. नटाचं डोकं वॉशरवर दाबून बसलेलं, वॉशर पुलीवर. आट्यांपर्यंत जायला वाट जवळजवळ नाहीच. तरी मारलं. न मारून चैन पडत नाही.

दुसरा दिवस: दोर, आणि एक थोडक्यात टळलेली चूक

क्रँक धरायचा तर क्लचच्या अलीकडे धरायला हवा, एवढं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी दोर आणला. ही जुनी युक्ती: स्पार्क प्लग काढायचा, त्या १४ मिलिमीटरच्या भोकातून नायलॉनचा मऊ दोर सिलिंडरमध्ये सोडायचा, एक टोक बाहेर ठेवायचं. पिस्टन वर येतो, दोर सिलिंडरच्या हेडशी दाबला जातो, क्रँक अडतो. नायलॉन मऊ, त्यामुळे पिस्टनला काही होत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये.

सगळे सांगतात: पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, म्हणजे हवा दाबत वर येण्याच्या फेरीवर, आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. मी तसंच केलं. रॉकर कव्हर काढलं, पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सैल लागेपर्यंत क्रँक पुढे फिरवला, पिस्टन वरून थोडा खाली, अजून वर यायचा आहे अशा जागी थांबलो, दोर भरला. मामा बॉनेटवर ओणवे होऊन रॉकर बघत होते, मी पाइप ओढला.

पाइप सहज गेला. फारच सहज. अर्धा फेरा झाला असेल आणि मामांचा आवाज आला, "थांब! इनलेट दाबला जातोय."

मी हात सोडला. काय चाललं होतं ते कळायला पाच मिनिटं लागली, आणि ही पाच मिनिटं या प्रकरणातली सगळ्यांत महाग शिकवणी.

नट उजव्या आट्यांचा, सोडवायला तो घड्याळाच्या उलट जातो. इंजिन पुढून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने चालतं. म्हणजे सोडवताना आपण इंजिन उलटं फिरवत असतो. कॉम्प्रेशनवर वर येणारा पिस्टन उलटं फिरवलं की वर येतच नाही, खाली जातो. तळ गाठून पुन्हा वर येतो तो सक्शन स्ट्रोकच्या उलट वाटेने, आणि त्या वाटेवर इनलेट व्हॉल्व्ह सताड उघडा असतो. मी जोर लावत राहिलो असतो तर दोराचा गोळा पिस्टन आणि उघड्या व्हॉल्व्हच्या मध्ये चेंगरला असता. व्हॉल्व्हची दांडी वाकायला तेवढं पुष्कळ झालं. एका नटापायी हेड उतरवावं लागलं असतं.

सोडवायला दोर भरायची जागा ती नव्हेच. पिस्टन वरचं टोक ओलांडून पॉवर स्ट्रोकवर साठ-सत्तर अंश खाली आला की थांबायचं. दोन्ही व्हॉल्व्ह अजून बंद, एक्झॉस्ट उघडायला पुष्कळ अवकाश. तिथे दोर भरायचा. मग उलटं फिरवलं की पिस्टन आल्या वाटेने वर जातो, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात. कॉम्प्रेशन स्ट्रोकवर दोर भरायचा तो नट आवळताना. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या लक्षात हा फरक नसतो, कारण बहुतेक वेळा नट अर्ध्या फेऱ्याच्या आतच सुटतो आणि चूक झाकली जाते.

बरोबर जागी दोर भरला. आता क्रँक खरोखर अडला. पण ओढताना हाताला जे जाणवलं ते मला आवडलं नाही: रबरावर उभं राहावं तसं. जोर लावला की दोर आवळतो, सोडला की फुगतो. सावकाश जोर तो धरतो. हातोडीचा घाव मात्र गिळून टाकतो. आणि गंजलेल्या नटाला सावकाश जोरापेक्षा घाव जास्त कळतो. दोर बाहेर काढला. टोक बाहेर ठेवलेलं होतं, ते आठवणीने तपासलं.

दुपारी इम्पॅक्ट गन. उसनी, बॅटरीवर चालणारी, डब्यावर भलामोठा आकडा छापलेली. गनला क्रँक धरून ठेवायची गरज नसते, तिचा प्रत्येक ठोका इतका क्षणिक असतो की क्रँकच्या मागच्या टोकाची जड चकती, फ्लायव्हील, हलायच्या आत तो नटावर बसून जातो. तत्त्व उत्तम. आमच्याकडे सॉकेट मात्र ३४ मिलिमीटरचं होतं. ३३.३४ च्या डोक्यावर ३४ चं सॉकेट म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास मोकळीक. त्यात पुढचे हॅन्डलचे जबडे सॉकेटच्या तळाला टेकत होते, त्यामुळे सॉकेट डोक्यावर अर्धंच चढत होतं. त्यात गन आणि सॉकेटच्या मध्ये लांब एक्स्टेन्शन. एक्स्टेन्शन म्हणजे पीळ खाणारी स्प्रिंग; ठोक्याचा मोठा वाटा तिनेच खाल्ला. उरलेला वाटा कोपऱ्यांवर गेला. तीसेक सेकंदांनी सॉकेट काढलं तर नटाचे दोन कोपरे चकचकीत झालेले. अजून गोल नव्हते, पण वाटेला लागले होते.

मामांनी गन माझ्या हातातून घेतली आणि डब्यात ठेवली. काही बोलले नाहीत.

संध्याकाळी एका ओळखीच्याने स्टार्टरची युक्ती सुचवली. पान्याची दांडी चेसिसला टेकवून ठेवायची आणि स्टार्टरला क्षणभर करंट द्यायचा. इंजिन फिरतं, नट अडतो, सुटतो. या इंजिनाच्या बाबतीत दिशा बरोबर आहे, युक्ती चालते. होंडाची बरीच जुनी इंजिनं उलटी फिरतात, तिथे हीच युक्ती नट आणखी आवळेल. पण दिशा बरोबर असली तरी मला ती नको होती. कोपरे आधीच अर्धे गेलेले, दांडी निसटली तर ती कुठे जाईल याचा भरवसा नाही, आणि जोर किती लागतोय त्यावर कुणाचाच हात नाही. अडलेल्या नटावर नेमका तोच हात हवा असतो.

तिसरा दिवस

सकाळी मामांनी स्टार्टर काढला. दोनच बोल्ट. तो बाजूला झाला की त्याच्या भोकातून फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचे दात समोर दिसतात. क्लचच्या अलीकडची, क्रँकला थेट बोल्टांनी जोडलेली, पोलादी दातांची चकती. धरायला याहून चांगली जागा या इंजिनात नाही, आणि आम्ही दोन दिवस तिच्याकडे पाठ करून काम करत होतो.

बरेच जण इथे मोठा स्क्रूड्रायव्हर खुपसतात. होतं काम, पण एकाच दाताच्या एका कोपऱ्यावर सगळा भार येतो आणि स्क्रूड्रायव्हर निसटताना दात किंवा हात घेऊन जातो. मामांनी सहा मिलिमीटर जाडीची पट्टी घेतली, स्टार्टरच्याच फ्लॅन्जवर ठेवून दोन भोकं आखली, पाडली, आणि टोकाला कानशीने दोन दात बसतील अशी नक्षी घातली. तासभर कानस चालली. मी दोनदा म्हटलं, ग्राइंडर देऊ का? "ग्राइंडरने पाच मिनिटांत होईल आणि दात एका रेषेवर टेकेल," म्हणाले. "मला पूर्ण अंगाने टेकलेला हवाय." पट्टी अशी बसवली की सोडवताना दात तिला लांबीच्या दिशेने, बोल्टांकडे ढकलतील. आडव्या जोराने पट्टी वाकते. लांबीत ती वाकत नाही.

सॉकेटचाही प्रश्न सोडवला. १ ५/१६ इंचाचं खोल सॉकेट मिळवलं. खोल, म्हणजे जबडे आत मावतात. नव्या सॉकेटच्या तोंडाशी आतून उतार असतो, नटावर चटकन चढावं म्हणून. तो उतार पकडीतले दीड-दोन मिलिमीटर फुकट घालवतो. मामांनी तोंड घासून सपाट केलं. आता सॉकेट डोक्याच्या पूर्ण उंचीवर, न हलता बसलं.

मग रेघ पुन्हा सलग ओढून घेतली आणि पाइप लावून मी ओढलं. काही हललं नाही. गाडी नाही, क्रँक नाही, रेघ कुठेच तुटली नाही, फक्त पाइप धनुष्यासारखा वाकला. मला हसू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा माझा सगळा जोर फक्त नटावर होता, आणि तरी नट हटत नव्हता. म्हणजे तो खरोखरच जाम होता. आतापर्यंत आम्हाला तेही माहीत नव्हतं.

मामा पुन्हा त्या छिन्नीच्या घावांकडे आले. "छिन्नीने आवळणारा माणूस घाबरलेला असतो," म्हणाले. "घाबरलेला माणूस आट्यांना काहीतरी लावतोही."

थ्रेडलॉकर, म्हणजे आटे चिकटवणारा डिंक. लाल, पक्क्या जातीचा. तो असेल तर तेलाचं काही चालणार नव्हतं, कारण त्याला आट्यांत शिरायला जागाच नसते. त्याला उष्णता लागते, अडीचशे अंशांच्या आसपास गेला की तो मऊ पडतो.

आंच देण्याआधीची तयारी मुद्दाम सांगतो, कारण इथे घाई झाली तर नट राहील बाजूला. पहिल्या रात्रीचं तेल पुसून काढलं, ते स्वतःच पेटतं. बॅटरी काढून लांब ठेवली, पेट्रोलची नळी बंद करून टोक मिटवलं, अग्निशामक हाताशी. आमच्या गाडीवरची पुली साधी पत्र्याची होती. रबराचं कडं असलेली डॅम्पर पुली असती तर मी आंच दिली नसती. रबर सुटलं की बाहेरचं कडं आपल्या मर्जीने फिरतं आणि त्यावरच्या टायमिंगच्या खुणाही खोट्या होतात. पुलीमागचं ऑइल सील भाजणारच होतं, पण ते बदलायचंच होतं.

छोट्या गॅस टॉर्चने नटाच्या डोक्यावर दोन मिनिटं आंच. लगेच ओढलं. काही नाही. यावर आमचं थोडं वाजलं. माझं म्हणणं, गरम असतानाच ओढायला हवं, थ्रेडलॉकर तेव्हाच मऊ. मामांचं म्हणणं, नट गरम झाला तर तो फुगतो, आणि हा नट भोकाच्या आत आहे, बाहेर नाही. बरोबर होतं त्यांचं. बाहेरून बसणाऱ्या नटाला आंच दिली की तो मोठा होतो आणि सैल पडतो. आत जाणारा बोल्ट आंच दिल्यावर उलट घट्ट होतो. आकडा लहान दिसतो: वीस मिलिमीटर जाडीचं पोलाद दोनशे अंशांनी तापवलं तर जाडीत जेमतेम पाच शतांश मिलिमीटर वाढ. पण आट्यांमधली मोकळीकही त्याच मापात असते.

दोघांचंही राखून तोडगा निघाला. चांगली पाच-सहा मिनिटं आंच द्यायची, उष्णता क्रँकच्या नाकात खोल जाऊ द्यायची, मग टॉर्च बाजूला करून दीडेक मिनिट थांबायचं. तेवढ्यात डोकं निवतं, आतला भाग अजून तापलेला राहतो, बोल्ट आणि भोक सारख्या तापमानाला येतात. पाण्याचा थेंब डोक्यावर टाकला तर तो नाचत उडून गेला. थांबलो. लांब पाइप काढून टाकला. आखूड, जाड दांडी लावली, कारण लांब पाइप घाव गिळतो. मामांनी दीड किलोची हातोडी घेतली. पहिला हलका ठोका उलटा, आवळायच्या दिशेने. चिकटलेली गोष्ट कुठल्याही दिशेने हलली तरी तिचा चिकटा मोडतो. मग सोडवायच्या दिशेने एक, दोन.

तिसऱ्याला आवाज आला. लोण्यासारखं काही नव्हतं त्यात. वाळकी फांदी मोडावी तसा कडक, एकच 'टक्'. नट आणि पुलीच्या मध्ये रेघेला तीन मिलिमीटरचा खंड पडला होता. पुली आणि कव्हरच्या मध्ये ती अजून सलग होती.

आत काय निघालं

आट्यांमध्ये भाजलेल्या लाल भुकटीचे तुकडे होते. मामांचा अंदाज खरा. पण त्याहून बोलकी होती ती पुलीची चावी, क्रँक आणि पुलीला एकत्र धरणारी अर्धचंद्राची. तिच्या एका कडेला पायरी पडली होती, आणि पुलीच्या खाचेची तीच बाजू घासून चकचकीत झालेली. चावी असा मार तेव्हाच खाते जेव्हा नट सैल असतो आणि पुली दर ठोक्याला मागेपुढे डुलते.

आता छिन्नीचे घाव, दुमडलेली जीभ आणि लाल भुकटी, तिन्ही एका ओळीत बसले. केव्हातरी हा नट सैल पडला होता. पुली डुलू लागली, चावी झिजली, ठकठक आवाज यायला लागला. मग कुणीतरी चावी तशीच ठेवून, आट्यांना लाल थ्रेडलॉकर फासून, छिन्नीने नट असा आवळला की पुन्हा म्हणून सैल पडू नये. त्याला कदाचित हे ठाऊक नसावं की नट आवळताना लावलेल्या जोरातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. पुलीला धरून ठेवतो तो हा ताण. वॉशर चेंगरलेला, आटे चिकटलेले असले तर वर कितीही ठोका, घर्षण वाढतं, पकड तेवढी वाढत नाही. दुखणं होतं चावीत, इलाज झाला नटावर.

तेलाच्या डागाचं कारणही पुलीतच सापडलं. सील जिथे टेकतं त्या गळ्यावर नखाला लागेल असं चर पडलं होतं. डुलणाऱ्या पुलीने सीलचं ओठही खाल्लं असणार. नुसतं नवं सील बसवलं असतं तर तो डाग महिन्याभरात परत आला असता. पुली बदलली.

पुढचं काम सरळ. नवी चेन, चेनच्या दोन्ही दातेरी चक्रांवरचे ठिपके समोरासमोर. तेल उडवणारी चकती 'एफ' अक्षर पुढे ठेवून. कव्हरचे स्क्रू आधी सैलच ठेवले, पुली सीलमध्ये सरकवून कव्हर मधोमध बसू दिलं आणि मग ते आवळले; हे उलट क्रमाने केलं की सील एका बाजूला दाबलं जातं आणि पुन्हा गळतं. नवी चावी, नवा लॉक वॉशर, नवा नट. आट्यांना थ्रेडलॉकर नाही. जुन्या आट्यांतली भुकटी ब्रशने पूर्ण साफ केली, नाहीतर टॉर्क रेंच त्या भुकटीचाच जोर मोजत बसतो.

आवळायला फ्लायव्हीलची पट्टी उलटी बसवावी लागली, कारण आता दात तिला दुसरीकडे ढकलणार होते. मामांनी तिच्या दोन अंगांवर खडूने 'सोड' आणि 'आवळ' लिहून ठेवलंय. ती आता गॅरेजच्या खिळ्याला टांगलेली असते.

टॉर्क रेंच मामांच्या हातात दिला, ९५ वर लावून. त्यांनी ओढला, आणि पाव फेराही नीट झाला नसेल तोवर तो 'क्लिक' वाजला. ते थांबले, रेंचकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढंच?"

"एवढंच, मामा."

त्यांनी पुन्हा एकदा लावून पाहिला. तो पुन्हा तिथेच वाजला. मग जीभ दुमडली, व्हाइटनरची बाटली मागून घेतली, आणि नव्या नटावरून नव्या पुलीवर एक रेघ ओढली.